कुंडी खाणारी माती

ट्रेमधलं उसाचं रोप बुंध्याशी धरून वर ओढलं की 'टप्' असा बारीक आवाज होतो आणि कप्प्याच्या आकाराचा तपकिरी सुळका हातात येतो. आत नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्याला सगळे कोकोपीटच म्हणतात, आणि बाहेरून त्याला वेढे घालून बसलेली पांढरी मुळं. रोप चार आठवड्यांचं असेल तर सुळका हातातून पडला तरी भुसा सांडत नाही. मुळांनी स्वतःभोवती स्वतःचीच कुंडी विणलेली असते.

दौंड तालुक्यातल्या केडगावच्या शिवारात हा सुळका आता सवयीचा झाला आहे. (नगरला खेटून असलेलं केडगाव वेगळं. हे पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचं, गुऱ्हाळांचं आणि कांद्याच्या बाजाराचं.) पूर्वी दोन डोळ्यांची टिपरी सरीत दाबायची. एकरी दहा हजार टिपऱ्या लागायच्या, म्हणजे अडीच-तीन टन ऊस नुसत्या बेण्यातच गाडला जायचा. एक डोळ्याच्या रोपानं ते गणित पालटलं. पाच फुटी सरीत दोन-दोन फुटांवर रोप लावलं तर एकराला ४,३५६ रोपं होतात, आणि बेण्याला लागतो तो फक्त डोळ्याभोवतीचा कांडीचा तुकडा.

हा ट्रे असतो काळ्या प्लास्टिकचा. रोपं लावून झाली की तो रोपवाटिकेत परत जातो, धुतला जातो, पुन्हा भरला जातो. मातीत कुजणाऱ्या कुंड्यांबद्दल लिहिताना सुरुवात इथूनच करावीशी वाटते, कारण इथे तसल्या कुंडीचं फारसं काम नाही. उसाचं मूळ दणकट, त्यात रोपाला शिदोरी म्हणून कांडीचा तुकडा सोबत. हाताळणी थोडी उन्नीस-बीस झाली तरी ते सावरतं.

कांद्याचं तर त्याहून सोपं. वाफ्यातून रोप उपटायचं, पेंड्या बांधायच्या, शेंडे छाटायचे आणि ओल्या सरीत बोटानं दाबत जायचं. उपटताना जुनी मुळं तुटतात, पण कांद्याला त्याचं सोयरसुतक नसतं. त्याच्या बुडाशी जी चपटी चकती असते, तिच्यातून चार-सहा दिवसांत नव्या मुळांचा झुपका फुटतो. कुंडी कशाची आणि कशाला!

कलिंगडाचं किंवा पपईचं रोप मात्र फार मानी. कलिंगड, खरबूज, काकडी, दोडका ही सगळी वेलवर्गीय भावकी मुळाला धक्का लागला की रुसते. तुटलेल्या मुळाच्या जागी नवं मूळ काढायची त्यांची ताकद कमी असते. पपईची पिशवी ब्लेडनं चिरताना मुळांभोवतीची मातीची हुंडी फुटली, माती भसकन खाली गेली आणि रोप उघड्या मुळांनिशी हातात राहिलं, तर अनुभवी माणूस ते रोप बाजूला टाकून दुसरं घेतो. मातीत कुजणाऱ्या कुंडीचा जन्म झाला तो अशा मानी रोपांसाठी. कुंडीसकट लावा, म्हणजे हुंडी फुटायचा प्रश्नच नाही.

हुंडी फुटते तेव्हा नेमकं काय तुटतं, हे डोळ्यांना दिसत नाही. जाड मुळं सहसा शाबूत असतात. तुटतात ते मुळांवरचे केस. मुळाच्या टोकामागे काही मिलिमीटर अंतरावर हे केस उगवतात. प्रत्येक केस म्हणजे एकच पेशी, बाहेर लांबट ताणलेली. मातीच्या दोन कणांमधल्या फटीत शिरून तिथलं पाणी ओढायचं काम या पेशी करतात, आणि बहुतेक केस थोड्याच दिवसांचे सोबती असतात. १९३७ साली हॉवर्ड डिटमर या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञानं राय नावाच्या धान्याचं एकच रोप चार महिने पेटीत वाढवलं आणि त्याची सगळी मुळं धुऊन मोजायचा उपद्व्याप केला. मुळांची एकूण लांबी भरली सुमारे ६२३ किलोमीटर. पुण्यापासून नागपूरपर्यंत सरळ रेघ मारली तर जवळजवळ तेवढीच होईल. त्या मुळांवरचे केस होते सुमारे १,४०० कोटी. एका रोपाचे! रोप उपटताना आपण जे 'थोडं मूळ तुटलं' म्हणतो, त्यात या हिशोबातलं किती जातं ते रोपालाच ठाऊक. वर पानं उन्हात पाणी उडवत राहतात आणि खाली पाणी ओढणारे केस गेलेले असतात. लावणीनंतरचे दोन-तीन दिवस रोप मान टाकतं ते यामुळे.

ही अडचण माणसाला फार पूर्वीच कळली होती. इजिप्तमध्ये दैर अल-बहारी इथल्या हातशेप्सुत राणीच्या देवळात भिंतीवर एक मोहीम कोरलेली आहे. पुंट नावाच्या दूरदेशाहून धूपाची जिवंत झाडं आणली जात आहेत, आणि ती टोपल्यांत ठेवून काठ्यांना अडकवून माणसं खांद्यावरून नेत आहेत. ही गोष्ट साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमचा केटो आपल्या शेतीच्या पुस्तकात सांगतो की झाडाची फांदी दाबून मुळं धरायची असतील तर ती भोकं पाडलेल्या मडक्यात किंवा टोपलीत धरवावी आणि पुढे टोपलीसकट खड्ड्यात लावावी. मात्र लावण्याआधी टोपली कडेनं आणि बुडाशी चिरावी. मडकं असेल तर फोडावं. हा केटो मोठा कंजूष आणि खडूस म्हणून प्रसिद्ध होता, पण त्याचा हा सल्ला आजच्या कागदी कुंडीच्या पाकिटावर जसाच्या तसा छापता येईल. का, ते पुढे येईलच.

कागदाच्या आधुनिक कुंडीचा उगम मात्र मला भलताच गमतीचा वाटतो, कारण ती साखर कारखान्याच्या घरची आहे. जपानच्या उत्तर टोकाला होक्काइदो बेट. तिथे साखर बीटापासून होते आणि उन्हाळा इनमीन चार-पाच महिन्यांचा. बर्फ वितळायची वाट पाहून बी पेरलं तर कंद पोसायच्या आत थंडी परत यायची. म्हणून बर्फ असतानाच बंद घरात रोपं तयार करायची आणि माती मोकळी झाली की लावायची, असं ठरलं. पण बीट हे सोटमुळाचं पीक, आणि सोटमूळ म्हणजेच माल! ते वाकलं, तुटलं तर कंदाला फाटे फुटतात. १९६० च्या दशकात निप्पॉन बीट शुगर या साखर कंपनीनं यावर कागदी नळ्यांचा तोडगा आणला. जेमतेम दोन सेंटिमीटर रुंद, १३ सेंटिमीटर लांब, बुडाला उघड्या. अशा सुमारे १,४०० नळ्या एकमेकींना चिकटवून घडी घातलेला गठ्ठा मिळायचा. तो ताणला की षटकोनी पोळं उघडायचं. त्यात माती भरायची, बी टाकायचं.

यातली खरी करामत डिंकात होती. प्रत्येक नळी बंद करायला वापरलेला डिंक पाण्यानं न सुटणारा, आणि एका नळीला दुसरी नळी जोडणारा डिंक पाण्यात विरघळणारा. सहा-सात आठवडे रोपांना पाणी घालत राहायचं. तेवढ्यात नळ्यांमधला डिंक आपोआप सुटून जातो, पण नळी स्वतः शाबूत राहते. लावणीच्या दिवशी पोळ्याला हात लावला की प्रत्येक रोप आपापल्या कागदासकट सुटं! रोजच्या पाणी घालण्यालाच घड्याळ करून टाकणाऱ्या त्या माणसाला दाद द्यावी तेवढी थोडी.

पुढे याच घराण्यात साखळीची कुंडी आली, आणि तिची गाठ थेट कांद्याशी आहे. यात नळ्या सुट्या होत नाहीत, कागदाच्या पट्टीनं एकामागून एक जोडलेल्याच राहतात. पातीचा कांदा लावणारा जपानी शेतकरी ट्रे एका छोट्या हातगाड्यावर ठेवतो, पहिली कुंडी सरीच्या टोकाला खुंटीनं अडकवतो आणि गाडा ओढत उलटा चालू लागतो. ट्रेमधून साखळी उलगडत सरीत उतरत जाते, मागची छोटी चाकं माती ओढून घेतात. एका ट्रेत २६४ कुंड्या, दोन कुंड्यांत पाच सेंटिमीटर. म्हणजे १३ मीटरची ओळ चालता चालता लागते. या साध्या, बिनइंजिनाच्या गाड्याचं जपानी नाव 'हिप्पारी-कुन', म्हणजे साधारण 'ओढूराव'.

केडगावचा कांदेवाला हे वाचून लगेच बोटं मोजू लागेल, म्हणून आपणही मोजू. कांदा १५ बाय १० सेंटिमीटरवर लावायची शिफारस आहे. एकराला जवळपास २ लाख ७० हजार रोपं. त्या हिशोबानं एकरामागे हजारावर ट्रे. वाफ्यातलं रोप फुकटात जोमानं येत असताना एवढे ट्रे कोण भरणार? वाकून लावणी करणाऱ्या बायांच्या कमरेचा विचार केला तर ओढूराव हवाहवासा वाटतो हे खरं, पण गड्ड्याच्या कांद्याला तो परवडणारा नाही. कुजणारी कुंडी चांगली की वाईट, हा प्रश्नच तसा पोकळ आहे. कोणत्या पिकाला, हे आधी विचारायला हवं.

आता त्या कुंडीच्या आत जाऊ. मुळाचं टोक मातीतून चाचपडत पुढे सरकतं आणि एके दिवशी भिंतीला भिडतं. भिंत प्लास्टिकच्या पिशवीची असेल तर टोक वळतं आणि भिंतीच्या कडेकडेनं जाऊ लागतं. वाट संपत नाही, कारण भिंत गोल असते. लिंबाचं किंवा आंब्याचं रोप पिशवीत वर्ष-दोन वर्षं राहिलं की मुळाचे वेढे पडतात, आणि जमिनीत गेल्यावरही मूळ तोच वेढा घट्ट करत बसतं. पाच-सात वर्षांनी झाड अकारण खुरटतं, वाऱ्यानं कलतं. उकरून पाहिलं तर खाली दोरखंडासारखी गुंडाळी.

कागदाची, शेणाची किंवा काथ्याची भिंत असेल तर वेगळंच घडतं. भिंत सच्छिद्र असते. टोक तिच्यातून आरपार जातं आणि बाहेर हवेत डोकावतं. हवेत पाणी नाही. टोक सुकतं, थांबतं. टोक जिवंत असेपर्यंत मागच्या बाजूच्या फुटव्यांना दाबून ठेवत असतं. ते थांबलं की मागून दहा नवी मुळं फुटतात. त्यांची टोकं भिंतीशी येतात, तीही थांबतात, त्यांच्या मागून आणखी. शेंडा खुडला की तूर पसरते, तोच कायदा जमिनीखाली. कात्री न लावता, कोणी न सांगता हवाच मुळांची छाटणी करत राहते. महिन्याभरात कुंडीच्या भिंतीत शेकडो टोकं मातीची वाट पाहत थबकलेली असतात, आणि कुंडी ओल्या मातीत ठेवली की ती सगळी एकदमच निघतात. यासाठी एकच पथ्य: वाढीच्या काळात कुंड्या एकमेकींना खेटून किंवा जमिनीवर ठेवायच्या नाहीत. खाली जाळी, मध्ये बोटभर फट. नाहीतर या कुंडीतली मुळं शेजारणीच्या घरात शिरतात आणि उचलताना दोघींचं नुकसान.

आणि मग कुंडीचं काय होतं? ती विरघळते असं आपण सहज म्हणतो. कागद पाण्यात विरघळत नाही. विरघळला असता तर रोपवाटिकेतच खेळ आटोपला असता. कुंडी खाल्ली जाते.

ती कोण खातं, याची गोष्ट दुसऱ्या महायुद्धात सुरू होते. दक्षिण पॅसिफिकमध्ये अमेरिकी फौजांचे तंबू, पट्टे, कपडे कुजू लागले होते. सुती कापड काही आठवड्यांत हाताला लागलं की फाटायचं. शत्रूपेक्षा हा त्रास भारी झाला, तेव्हा लष्करानं शास्त्रज्ञांना कामाला लावलं आणि कुजक्या सामानावरच्या हजारो बुरशी गोळा केल्या. सॉलोमन बेटांपैकी बुगनव्हिल बेटावरच्या एका तंबूतून १९४४ साली एक हिरवट बुरशी मिळाली. कापूस फस्त करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिला आधी ट्रायकोडर्मा व्हिरिडी समजलं गेलं. पुढे ती वेगळी ठरली आणि एल्विन रीस या शास्त्रज्ञाच्या नावावरून १९७७ साली तिचं नाव ट्रायकोडर्मा रीसी झालं.

ट्रायकोडर्मा! केडगावातल्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात हे नाव सांगा, दुकानदार न विचारता पुडी काढून देईल. रोपांची मर आवरायला शेणखतात मिसळून जी हिरवी भुकटी आपण टाकतो, ती याच कुळातल्या भावंडांची. रोगाच्या बुरशीवर ती तुटून पडते म्हणून आपण तिला आणतो, पण तिच्या पूर्वापारच्या जेवणात सेल्युलोजही आहे. रोपवाटिकेत आपण ट्रायकोडर्मा घालतो तेव्हा कागदी कुंडीच्या पानाशी पाहुणाच बसवत असतो.

सेल्युलोज म्हणजे काय, हे समजायला गुऱ्हाळाशी उभं राहावं. चरकातून रस एका बाजूला पडतो, चिपाड दुसऱ्या बाजूला. रस काईलीत जातो, चिपाड वाळवून त्याच काईलीखाली चुलाणात जातं. आपण एकाला साखर म्हणतो, दुसऱ्याला जळण. पण चिपाडात जवळपास ४० टक्के सेल्युलोज असतं, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचे हजारो रेणू एकामागोमाग ओवलेली साखळी. उसानं उन्हात बनवलेली साखरच ती, फक्त कुलूप घातलेली. स्टार्चमध्येही ग्लुकोजच असतं. तिथे दोन रेणूंमधला सांधा वेगळ्या वळणाचा आहे आणि आपल्या लाळेत त्याची किल्ली आहे, म्हणून भाकरी चावत राहिलं की गोड लागते. कागद कितीही चावला तरी गोड लागणार नाही. ही दुसरी किल्ली बुरशीकडे आहे. ती आपली पाचक द्रव्यं अंगाबाहेर, थेट कागदावर सोडते, साखळी तुटून सुटी झालेली साखर शोषून घेते. जेवण पोटात नेण्याऐवजी पोटातलं सगळं जेवणावर ओतायचं, अशी उलटी पंगत. तंबू खाणाऱ्या त्या बुरशीचीच पाचक द्रव्यं आज कारखान्यात बनवतात, आणि शेतातल्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल करताना हीच किल्ली फिरवली जाते.

मात्र नुसत्या साखरेवर कोणाचं अंग भरत नाही. बुरशी आणि जिवाणूंना स्वतःचं शरीर बांधायला नत्र लागतं, साधारण २५ भाग कर्बामागे एक भाग. कागदात हे प्रमाण शेकड्यांमागे एक. म्हणजे कागद खायला बसलेली पंगत नत्राची वाटी शेजारून, म्हणजे रोपाच्या मुळाशी असलेल्या मातीतून, उचलते. कागदी कुंडीत लावलेलं रोप आठवड्याभरात फिकट पडलं, तर रोग शोधत बसण्याआधी ही शक्यता ध्यानात घ्यावी. उसाच्या शेतकऱ्याला हे नवीन नाही. पाचट न जाळता सरीत ठेवायचं तर टनामागे आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका, ही शिफारस त्यानं कितीतरी मेळाव्यांत ऐकली आहे. त्यातला युरिया पाचटासाठी नसतोच, तो या पंगतीसाठी असतो. कुंडीला अर्थात एवढा थाट नको. लावणीनंतरच्या पहिल्या आळवणीत चिमूटभर युरिया किंवा पातळ केलेली स्लरी पुरते.

शेणाच्या कुंडीचं हेच तर बरं असतं. गाईनं वाढं आणि कडबा खाल्ला, तिच्या पोटातल्या जिवाणूंनी त्यातली सोपी साखर काढून घेतली, आणि जो चिवट धागा उरला तो नत्रासकट बाहेर आला. शेणात कर्ब आणि नत्राचं प्रमाण वीसेकाच्या घरात असतं. म्हणजे पंगतीला वाटीही ताटातच वाढलेली. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या फ्रॉइंड कुटुंबानं आपल्या गोठ्यातल्या शेणापासून साच्यातल्या कुंड्या बनवायला घेतल्या आणि त्यांचा धंदाच झाला. आपल्याकडे अनेक गोशाळा आणि बचत गट त्या बनवतात. भोपळ्या-दोडक्याचं बी शेणाच्या गोवरीत दाबून भिंतीला थापून ठेवणाऱ्या आपल्या आज्ज्यांना यात नवल वाटलं नसतं. त्यांनी बी आणि खत एकत्रच टांगून ठेवलं होतं. फक्त ताज्या शेणाची कुंडी करू नये; ते तापतं आणि कोवळं मूळ भाजतं. मुरलेलं शेण, थोडा भुसा, आणि कडक वाळवण.

वेगवेगळ्या कुंड्या मातीत पुरून, काही महिन्यांनी उकरून, वजनं करून पाहिली गेली आहेत. शेणाची कुंडी सगळ्यांत आधी जाते. सगळ्यांत मागे राहते काथ्याची. काथ्यात लिग्निन नावाचं चिवट द्रव्य भरपूर असतं, आणि ते फोडणं ट्रायकोडर्मालाही जमत नाही; त्याला लाकूड कुजवणाऱ्या वेगळ्या बुरशी लागतात. ज्या गुणामुळे नारळाचा दोर समुद्राच्या पाण्यातही टिकतो, त्याच गुणामुळे काथ्याची कुंडी पीक निघाल्यावरही जमिनीत सापडते. तिची वीण सैल असेल तर मुळं आरपार जातात आणि काही बिघडत नाही. नारळाच्या करवंटीत रोप करणाऱ्या हौशी लोकांनी मात्र लावताना करवंटी काढूनच घ्यावी. ती कुजेपर्यंत रोपाची नातवंडं फळाला येतील.

इथवर सगळं छान. अडचण येते ती केडगावच्या उन्हाची. कुजणाऱ्या कुंड्यांबद्दलचा बहुतेक उपदेश अशा मुलखातून येतो जिथे पाऊस अधूनमधून येतच असतो आणि माती सदा ओलसर असते. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो, आणि ठिबकच्या दोन तोट्यांमधली माती कौलासारखी टणक होते. बुरशीला जेवायला पाणी लागतं. कोरड्या मातीत कुंडी कुजत नाही, ती नुसती वाळते. वाळलेली कुंडी पाणी झटकून टाकते. मग भिंतीत थबकलेल्या त्या शेकडो टोकांना पलीकडे काहीच सापडत नाही. महिन्यानं रोप उकरलं तर कुंडी जशीच्या तशी, आणि मुळं आतच कोंडलेली. हे असं झालं की लोक म्हणतात, 'कुजणारी कुंडी म्हणजे थोतांड.' दोष कुंडीचा नसतो. तिला खाणाऱ्यांना पाणीच मिळालेलं नसतं.

याहून फसवी चूक कुंडीच्या काठाची. लावताना कुंडीचा काठ बोटभर मातीच्या वर राहिला, तर तो वात होतो. समईतली वात तेल ओढते तसा हा काठ कुंडीतलं पाणी वर ओढतो आणि उन्हात उडवून देतो. रोपाला तुम्ही दिलेलं पाणी रोपाच्या डोळ्यांदेखत वाऱ्यावर जातं. म्हणून काठ फाडून टाकायचा किंवा पुरता गाडायचा. लावणीआधी कुंडी बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत भिजवायची. कडेला दोन चिरा द्यायच्या आणि बूड फाडायचं. केटो म्हणाला होता तसंच. तोटी रोपाच्या बुंध्यापासून चार बोटांवर आणायची, म्हणजे कुंडीच्या आतही आणि बाहेरही ओल राहते आणि मूळ ओलीच्या मागे बाहेर पडतं. काळ्या मातीत आणखी एक गोष्ट: ती वाळताना आक्रसते आणि कुंडीभोवती भेग सोडते. लावल्यावर माती हातानं घट्ट दाबून घेतली नाही तर मूळ भिंत ओलांडून पुन्हा हवेतच येतं, आणि हवेची छाटणी नको तिथे सुरू होते.

रोपवाटिकेतही या कुंड्या जास्त पाणी मागतात, कारण त्यांच्या चारही बाजूंनी पाणी उडतं. शेडनेटखाली दिवसातून एकदा भागत होतं तिथे दोनदा झारी फिरवावी लागते. वर भिंतीवर शेवाळ आणि पांढरी बुरशी दिसू लागते. ती पाहून घाबरायचं कारण नाही, पंगतीचे मानकरी जरा लवकर आले इतकंच. पण अशी भिजलेली कुंडी काठाला धरून उचलली तर काठ हातात येतो. बुडाखाली हात घालावा.

बाजारात 'जैवविघटनशील' छापलेल्या पिशव्याही मिळतात, आणि तिथे डोळे उघडे ठेवावे लागतात. महाराष्ट्रानं मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा रोपवाटिका, फळबागा आणि शेतीसाठीच्या कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांना तिच्यातून सूट दिली. सूट रास्तच आहे. पण 'कंपोस्ट होणारी' हे प्रमाणपत्र मिळतं ते मोठ्या कंपोस्ट कारखान्यातल्या परिस्थितीत, जिथे ढीग आठवडेच्या आठवडे ५८-६० अंशांवर ओला आणि गरम असतो. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनणारं पीएलए नावाचं प्लास्टिक त्या ढिगात नाहीसं होतं. तुमच्या शेताच्या मातीत वीतभर खाली तशी उष्णता कुठून येणार? ते तिथे वर्षानुवर्षं पडून राहू शकतं. कागद, शेण, पानं, चिपाड यांना असली अट नाही. त्यांना खाणारे तुमच्या शेतात आधीपासूनच राहतात.

कुजणाऱ्या कुंडीनं फरक कुठे पडेल म्हणाल तर उसात नाही, कांद्यात तर नाहीच. कलिंगडात, पपईत आणि परसबागेतल्या वेलांत पडेल. आणि सगळ्यांत जास्त पडेल तो वृक्षलागवडीत. २०१९ साली राज्यानं ३३ कोटी रोपांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. रोपं येतात बहुधा काळ्या पातळ पिशवीत. पिशवी चिरली जाते आणि खड्ड्याशेजारीच पडते, किंवा घाईत रोपासकट पुरली जाते, आणि मग मुळाला वेढा घालायची सोय कायमची झाली. ट्रे निदान परत तरी जातो. या पिशवीला परतीची वाट नसते. केडगावात १८९० च्या दशकात पंडिता रमाबाईंनी जमीन घेतली, ती फळझाडांच्या उत्पन्नातून आपल्या आश्रमाचा खर्च निघावा या हिशोबानं. तेव्हा काळी पिशवी नव्हती आणि झाडं लागतच होती, हे जाता जाता आठवतं. केडगावभोवतीच्या गुऱ्हाळांत चिपाडाचे ढीग असतात, गोठ्यागोठ्यात शेण असतं. साचा आणि दाब देणारं यंत्र सोडलं तर कच्चा माल दुसरीकडून आणायची गरजच नाही. चिपाडाच्या ताटल्या-वाट्या पुण्यात लग्नाच्या पंगतींत दिसू लागल्याच आहेत. त्याच लगद्याला बुडाशी भोक पाडलं की कुंडी.

विकत घेण्याआधी आपली माती कुंडी खाईल का, हे फुकटात तपासता येतं. कॅनडा आणि अमेरिकेतले शेतकरी यासाठी सुती चड्डी पुरतात, आणि 'सॉइल युअर अंडीज' या नावानं त्याची मोहीमच चालते. दोन महिन्यांनी उकरायचं. माती जिवंत असेल तर हातात फक्त इलॅस्टिकचा पट्टा येतो. आपण जुन्या धोतराचे वीतभर दोन तुकडे घ्यावेत. एक ठिबकच्या नळीखाली, शेणखत घातलेल्या ओळीत, चार बोटं खोल पुरावा. दुसरा बांधालगत, जिथे कधी पाणी पोचत नाही तिथे. खुणेला काठ्या रोवाव्यात, नाहीतर पुन्हा सापडणार नाहीत. दोन महिन्यांनी पहिल्या काठीखाली बहुधा चार धागे आणि दोन-तीन गांडुळं निघतील. दुसऱ्या काठीखालचा तुकडा मात्र बहुधा धुऊन चहा गाळायला वापरता येईल.